मँटिसच्या डब्यातली साफसफाई किड्यांवर सोपवायची तर: कोल्हापूरच्या हवेत जमणारी पद्धत

मँटिस (पुढचे पाय नमस्कारासारखे जोडून बसणारा शिकारी किडा) पाळणाऱ्याला खरा वैताग कशाचा असेल तर तो खरकट्याचा. हा गडी जेवतोय झकास, पण ताट कधी साफ करत नाही. घरमाशी दिली की पुढच्या काटेरी पायात आवळून धरतो, बऱ्याचदा मुंडक्याकडनंच सुरुवात करतो, चावत चावत पोटापर्यंत येतो आणि पंख, पायाचे तुकडे असं काहीबाही वरनं खाली सोडून देतो. मोठं झुरळ दिलं आणि मधेच पोट भरलं तर अर्धं झुरळ तसंच खाली पडतंय, आणि एकदा पडलेलं तो परत उचलायला जात नाही कारण त्याला हलणारं भक्ष्यच कळतंय. वर त्याची लेंडी आहेच, बारीक कोरडे दाणे, आणि मधनं मधनं टाकलेली कात.

उन्हाळ्यात हे सगळं वाळून जातंय, काय विषय नाही. पण जूनमध्ये पाऊस लागला की कोल्हापुरात भिंतीला, पट्ट्याला, कपाटातल्या पुस्तकाला बुरशी धरतीय, तिथं झुरळाच्या ओल्या पोटाचं काय होणार. दोन दिवसात पांढरी लव आणि झाकण उघडलं की वास.

मग रोज साफ करा की, असं कुणीही म्हणेल. करता येतं, पण मँटिस कात टाकतो तेव्हा छताला उलटा लटकून टाकतो, आणि त्या वेळी डबा हलला, जाळी ओढली गेली आणि तो खाली पडला की वाकडे पाय, चुरगळलेले पंख नाहीतर सरळ मरण. पिल्लापासून मोठा होईपर्यंत जातीनुसार साधारण ६ ते ९ वेळा हा प्रकार होतो, आणि प्रत्येक वेळी आधीचे दोन-चार दिवस आणि नंतरचे दोन-चार दिवस त्याला हात न लावलेला बरा. हिशोब केला तर ऐन पावसाळ्यात कितीतरी दिवस डबा उघडायचाच नसतो. त्या दिवसांसाठी डब्याच्या तळाला काम करणारी गँग पाहिजे, आणि हा सगळा लेख त्या गँगविषयी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर कुणी शिव्या घालायला नको. ही गँग बुरशी खाते आणि बारीक खरकटं संपवते. अर्धं झुरळ, मेलेला पतंग असला मोठा ऐवज चिमट्यानं तुम्हालाच उचलायचाय.

पहिलं काम: तुमचा मँटिस ओल्यातला का कोरड्यातला ते बघा

सफाईवाले निवडायच्या आधी हे ठरवावं लागतंय, कारण सगळे चांगले सफाईवाले ओलाव्यावर जगतात आणि सगळे मँटिस ओलाव्यात जगत नाहीत.

आपल्याकडं बागेत, ट्यूबलाइटखाली सापडणारा मोठा हिरवा मँटिस बहुतेक वेळा हायरोड्युला गटातला असतो, मोठा झाल्यावर पुढच्या पंखावर दोन्ही बाजूला एकेक पांढुरका ठिपका दिसतो. याला मध्यम ओलावा चालतो, म्हणजे खाली स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारके जीव, पुढं सांगतोच) मजेत राहतील इतका. फुलांवर बसणारे छोटे क्रिओब्रोटरही तसेच. पण व्हायोलिन मँटिस, म्हणजे तो वाळक्या पानासारखा, लांब बारीक मानेचा आणि पायांना पानांच्या झालरी असलेला गॉंगिलस, त्याला गरम आणि कोरडी हवा लागते, ३० अंशाच्या वर तापमान आणि भरपूर खेळती हवा. त्याच्या डब्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून स्प्रिंगटेल सोडले तर गँग खूश आणि मालक आजारी. अशा डब्यात तळाला साधा टिश्यू पेपर घालायचा, आठवड्याला बदलायचा, बास. तिथं लेंडी कोरडीच राहते आणि बुरशी धरत नाही, त्यामुळं गँगची गरजच पडत नाही. पुढचं सगळं ओल्या डब्यासाठी.

गँगमध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला नाही

स्प्रिंगटेल हे पहिलं आणि बऱ्याच वेळा एकमेव उत्तर. एक ते तीन मिलिमीटरचे पांढुरके किंवा राखाडी जीव, पोटाखाली दुमडलेली शेपटी असते ती झटकून टुणकन उडी मारतात. सहा पाय असले तरी आता शास्त्रज्ञ यांना कीटकात धरत नाहीत, वेगळा गट मानतात, आपल्याला त्याचं काय. आपल्या कामाचं एवढंच की ते बुरशी खातात, कुजणारं खातात, आणि त्यांचं तोंड इतकं बारीक की कात टाकून मऊ पडलेल्या मँटिसलाही त्यांच्यापासून काही धोका नाही. उलट मँटिसची एकदम नवी पिल्लं त्यांनाच मटकावतात. पांढरी, डोळे नसलेली फॉल्सोमिया कॅन्डिडा नावाची जात जगभर पाळली जाते, तिच्यात नराशिवायच माद्या अंडी घालतात, त्यामुळं थोड्याशा बीवरनंही बरणी भरते.

आयसोपॉड दुसऱ्या नंबरवर. कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, चौदा पायांचे जे पळतात ते हेच. हे पण कीटक नव्हेत, खेकडा-कोळंबीच्या नात्यातले आहेत आणि श्वास घ्यायला त्यांना ओल लागतीय, कोरडं पडलं की मरतात. स्प्रिंगटेलपेक्षा मोठं काम करतात, वाळकी पानं, काती, किड्यांचे पाय वगैरे कुरतडून बारीक करतात, आणि त्या भुश्श्यावर मग स्प्रिंगटेल आणि बुरशी बसते. मादीच्या पोटाखाली पिशवी असते, तिच्यात अंडी आणि पिल्लं घेऊन फिरते, उलटी करून बघितली तर पिवळट फुगवटा स्पष्ट दिसतो. धोका एवढाच की मोठ्या जातीचे आयसोपॉड प्रोटीनला हपापलेले असतात, आणि कात टाकताना मँटिस खाली पडला तर त्याला कुरतडू शकतात. म्हणून ड्वार्फ व्हाइट नावानं मिळणारे बारके पांढरे, मातीतच राहणारे, ते सगळ्यात बिनधास्त. लहान पिल्लांच्या डब्यात मात्र आयसोपॉड नकोच, नुसते स्प्रिंगटेल.

आता कुणाला घ्यायचं नाही ते नीट वाचा, कारण "किडा किड्याचं खरकटं खाईल की" म्हणून लोक काहीही सोडतात.

रातकिडे आणि झुरळं डब्यात मोकळी ठेवायची नाहीत. रातकिडा मेलेलं खातो हे खरंय, पण कात टाकताना लटकलेला मँटिस त्याला मेलेल्यासारखाच आहे, जिवंतपणी पाय कुरतडतो. खायला म्हणून सोडलेला रातकिडा तासाभरात खाल्ला नाही तर बाहेर काढा.

मीलवर्मचे (खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळट अळ्यांचे) भुंगे आणि त्यांचे छोटे भाऊबंद बफेलो बीटल. खाद्य म्हणून वाढवलेल्या झुरळांच्या कॉलनीत सफाईला लोक हे वापरतात आणि तिथं ठीक आहे. मँटिसच्या डब्यात मी म्हणेन नको, पडलेल्या मऊ मँटिसला हे पण तोंड लावतात. आणि कोल्हापूरच्या आसपास पोल्ट्र्या चिक्कार, तिथं कोंबड्यांखाली अंथरलेल्या भुशात बफेलो बीटल ढिगानं असतात, फुकटात मिळतात म्हणून उचलून आणायचा मोह होईल. आणू नका, ते कोंबड्यांचे रोगजंतू, साल्मोनेलासकट, अंगावर वागवतात.

डर्मेस्टिड भुंगे. यांच्याविषयी जरा सविस्तर, कारण इंटरनेटवर हाडं साफ करणारे भुंगे म्हणून यांचं फार कौतुक चालतंय. म्युझियममध्ये सांगाड्यावरचं वाळकं मांस काढायला हे खरोखर वापरतात आणि काम नादखुळा करतात. पण यांचं खाणं म्हणजे वाळलेलं काहीही प्राणिज: कातडं, केस, लोकर, सुकट, रेशीम. घरात पसरले तर काय होईल विचार करा, आणि आपण राहतोय कुठं, ज्या गावाच्या कातडी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तिथं. दारातल्या चपला, वर ठेवलेला सुकट-बोंबलाचा डबा, आजीची लोकरीची शाल, सगळं त्यांना चालतंय. वर अळ्यांच्या अंगावरचे केस नाकात-घशात गेले की काहींना ॲलर्जी होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे यांच्याच कुळातले थॉमाग्लोसा नावाचे भुंगे मँटिसच्या अंडकोशातच (मादी ज्यात अंडी घालते त्या कोशात) वाढतात, म्हणजे तुमची पुढची पिढीच खाऊन टाकणार. बाहेरनं आणलेल्या अंडकोशातनं पिल्लांऐवजी बारके केसाळ अळ्या किंवा भुंगे निघाले तर हेच समजा.

पैसा किडा, म्हणजे हात लावला की गोल गुंडाळी करणारा वाणी. कुजकी पानं खातो, दिसायला गरीब, पण चिडला की अंगातनं विषारी रस सोडतो, बंद डब्यात नको. गोम तर बघताक्षणी बाहेर, ती शिकारी आहे.

स्प्रिंगटेल कुठनं मिळवायचे

विकत घ्यायचे तर टेरॅरियम (काचेच्या बरणीतली बाग) करणारे हौशी लोक ऑनलाइन विकतात, पार्सल पावसाळ्यात किंवा थंडीत मागवा, एप्रिल-मे मध्ये बंद ट्रकमध्ये उकडून मरतात. पण जूननंतर पैसे घालवायची गरजच नाही. कुंडीखालची ओली माती, नळाजवळची शेवाळलेली वीट, पालापाचोळ्याचा जुना ढीग, गांडूळखताचा बेड, यातल्या कुठल्याही जागी ते असतातच.

पकडायची सोपी पद्धत अशी. ओल्या जागेवर काकडीची किंवा बटाट्याची जाड चकती पालथी ठेवायची, वर करवंटी झाकायची, सकाळी उचलून बघायची. चकतीच्या खालच्या बाजूला पांढरे ठिपके फिरताना दिसले आणि फुंकर मारल्यावर उड्या मारायला लागले तर स्प्रिंगटेल. हळूहळू सरकणारे, गोल, न उडणारे ठिपके म्हणजे माइट (गोचिडीच्या नात्यातले बारके जीव), ते नकोत. शंका असली तर भिंग घ्या, मोबाइलचा मॅक्रो कॅमेरापण चालतो, लांबट अंग आणि पुढं दोन मिशा दिसल्या पाहिजेत.

दुसरी पद्धत पाण्याची. मूठभर पालापाचोळ्याची माती पाण्याच्या टबात सोडायची. स्प्रिंगटेलच्या अंगाला पाणी चिकटत नाही, ते बुडत नाहीत, वर तरंगत गोळा होतात. माती खाली बसली की कागदाची पट्टी पाण्यावर टेकवून उचलायची, ते पट्टीला चिकटून येतात.

माती कुठनं आणायची याचं पथ्य पाळा. उसाच्या फडातलं पाचट दिसायला एकदम बेस्ट, पण तणनाशक आणि कीटकनाशक कधी मारलंय ते शेतमालकाला विचारल्याशिवाय घेऊ नका. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यातनं माती, पानं, किडे काहीही उचलायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे आणि गरजही नाही, स्वतःच्या परसात मिळतंय ते. आणि घाटातल्या जंगलात गोट्यासारखा गोल होणारा मोठा, चकचकीत जीव दिसला तर तो आयसोपॉड समजून उचलू नका, तो पिल मिलिपीड, वाणीच्या कुळातला. त्याला पायांच्या कितीतरी जोड्या असतात, आयसोपॉडला सातच.

बरणी लावायची, घाई करायची नाही

बाहेरनं आणलेले स्प्रिंगटेल थेट मँटिसच्या डब्यात टाकू नका. महिनाभर वेगळ्या बरणीत वाढवा. याचे दोन फायदे, एक तर संख्या वाढते, दुसरं म्हणजे सोबत काय घुसलंय, गोमेचं पिल्लू, माइट, बारक्या माश्या, ते या महिन्यात दिसून येतंय.

साहित्य: झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, साधारण अर्धा-एक लिटरची. लक्ष्मीपुरीत नाहीतर कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळेल. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा, इस्त्रीवाल्याकडं असतो तो. दगडी कोळसा नको, आणि पटकन पेटणारा केमिकल लावलेला बार्बेक्यूचा तर मुळीच नको. कोळसा फोडून बोराएवढे तुकडे करा, दोन-तीन वेळा धुवा, एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे आतपर्यंत ओल जाईल. बरणी अर्धी भरा, तळाला बोटाच्या पेराएवढं पाणी राहूद्या. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा.

वर स्प्रिंगटेल झटका आणि खायला तांदळाची कणी, आठ-दहा दाणे. आजरा घनसाळ घालायची गरज नाही, रेशनचा तांदूळ आवडीनं खातात. म्हणजे खरं तर तांदूळ कमी आणि त्यावर धरलेली बुरशी जास्त खातात, त्यामुळं दाण्यावर पांढरी लव आली म्हणून घाबरून फेकून देऊ नका. दोन-चार दिवसात ती लव चरून साफ होते. होत नसेल, हिरवी-काळी बुरशी पसरत असेल तर खाणं जास्त झालं, ते दाणे काढा आणि पुढच्या वेळी निम्मे टाका. बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं ड्राय यीस्ट चिमूटभर भुरभुरलं तर जास्त वेगानं वाढतात.

झाकणाला भोकं पाडायची नाहीत, माइट आणि चिलटं त्यातनंच शिरतात. आठवड्यातनं एक-दोनदा झाकण उघडून हवा बदला, तेवढं पुरतं. बरणी अंधाऱ्या, थंड जागी. पावसाळ्यात आणि थंडीत कुठंही चालतंय, मे महिन्यात मात्र पत्र्याच्या घरात, गच्चीखालच्या खोलीत हाल होतात, तेव्हा माठाच्या तिवईखाली सरकवून ठेवा, घरातली सगळ्यात गार जागा तीच.

तीन-चार आठवड्यात झाकण उघडल्यावर कोळशाचे तुकडे वरनं हलल्यासारखे दिसायला लागले की बरणी तयार. काळ्या कोळशावर पांढरे जीव लगेच दिसतात, म्हणूनच कोळसा. आणि एक बरणी चालू झाली की दुसरी लावून ठेवा, एकीत काही बिघडलं तर बी शिल्लक राहतंय.

डब्याचा तळ

हायरोड्युलासाठी डबा मँटिसच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच आणि दुप्पट रुंद. ही उंची तळ भरल्यानंतर उरलेली मोजायची हे लक्षात ठेवा, बऱ्याच जणांचं इथंच चुकतंय, ५ सेंटिमीटर कोकोपीट भरलं की डबा तेवढा बुटका झाला आणि कात टाकायला जागा कमी पडली. छताला नायलॉनची मच्छरदाणीची जाळी, नखं अडकवायला, आणि एका बाजूला वरच्या अर्ध्या भागात आणखी एक जाळीची खिडकी. हवा खेळली पाहिजे, खाली ओल आणि वर मोकळी हवा हे दोन्ही एकत्र जमवायचं हीच यातली सगळी कला आहे. स्प्रिंगटेल जाळीतनं निघून जातील ही भीती काढून टाका, वर कोरडं असतंय, ते तिकडं जात नाहीत.

तळाला आधी धुतलेला कोळसा एक थर, मग ४-५ सेंटिमीटर कोकोपीट. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात मीठ असतंय. खत मिसळलेली नर्सरीची तयार माती नको. ओल किती पाहिजे, तर मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार लागली तर जास्त. वर वाळक्या पानांचा थर: आंबा, फणस, पेरू, देशी बदाम. पानांवर उकळतं पाणी ओता, उन्हात खडखडीत वाळवा, मग घाला. निलगिरी, कडुनिंब नको. रस्त्याकडेची धूळ-धूर खाल्लेली पानं पण नको.

डब्याचा एक कोपरा नेहमी ओला आणि दुसरा जवळपास कोरडा ठेवा. पाणी मारायचं ते ओल्या कोपऱ्यात आणि थोडं भिंतीवर, भिंतीवरचे थेंब मँटिस पितो. मँटिसच्या अंगावर फवारा मारू नका. हायरोड्युलाचा डबा रात्री मारलेल्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काचेवरनं सुकला पाहिजे, जुलैमध्ये सुकत नसेल तर पाणी मारणं बंद करा, हवेतच पुरेशी ओल असते.

गँग कधी सोडायची

नवीन डबा असेल तर मँटिस घालायच्या आठ-दहा दिवस आधी. साधारण ८ इंच बाय ८ इंचाच्या तळाला शंभरभर स्प्रिंगटेल सुरुवातीला पुष्कळ. मोजत बसू नका, बरणीतला एक भरलेला कोळशाचा तुकडा घेऊन पानांवर टक टक आपटा, झालं. किंवा बरणीत पाणी ओतून वर तरंगणारे ओल्या कोपऱ्यात सोडा. आयसोपॉड घ्यायचेच असतील तर बारक्या जातीचे पाच-दहा, जास्त नको, त्यांची पिल्लं होतातच. त्यांना कॅल्शियम लागतं, अंड्याचं कवच उकळून, वाळवून, चुरा करून एका कोपऱ्यात ठेवा.

मँटिस आधीपासनं आत असेल तर कात टाकून तो कडक झाल्यावर, पुन्हा शिकार करायला लागल्यावर डबा उघडा, कात यायच्या आधी नको. कात जवळ आलीय कशी ओळखायची: खाणं सोडतो, भक्ष्य समोर आलं तर मागं सरकतो, छताला एका जागी लटकून बसतो, आणि मोठ्या पिल्लांमध्ये पाठीवरचे पंखांचे कोंब टम्म फुगतात. असं दिसलं की आतलं जिवंत भक्ष्य काढा आणि डब्यापासनं लांब व्हा. मोठा मँटिस कात टाकल्यावर लगेच खायला मागत नाही, दोन-तीन दिवस जाऊद्या.

रोजचं काम काय उरतं

फारसं नाही. माशीचे पंख, पाय, लेंडी तशीच पडूद्या. मोठं खरकटं असेल तर लांब चिमट्यानं उचला, आणि तेही डबा उघडायची वेळ असेल तेव्हाच. कात आल्यामुळं डबा उघडता येत नसेल आणि नेमकं अर्धं झुरळ तळाला पडलं असेल तर ते राहूद्या. त्यावर बुरशी धरेल, मग तिथं स्प्रिंगटेल जमतील, भिंग लावून बघा, पांढऱ्या लवीच्या कडेनं ते गोलाकार चरत आत सरकतात आणि बुरशी आटोक्यात ठेवतात, पण मोठं खरकटं उरतंच. ते नंतर सावकाश उचला.

मँटिस लहान असेल आणि खरकटंच कमी पडत असेल तर गँग उपाशी राहते. पंधरा दिवसांतनं एकदा माशांच्या खाद्याचा एक फ्लेक चुरून ओल्या कोपऱ्यात टाका.

बिघडतं कुठं

मुंग्या. स्प्रिंगटेल, आयसोपॉड, मँटिस सगळ्यांचा एकच शत्रू, एका रात्रीत लाल मुंग्या डबा रिकामा करतात. डबा पाटावर, पाट परातीतल्या दोन वाट्यांवर आणि परातीत पाणी, जुन्या दूधफडताळाच्या पायाखाली वाट्या ठेवायचे तसं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर मुंग्या पाण्यावरनं चालत येतात. मुंग्यांचा खडू, स्प्रे डब्याच्या आसपासपण नको, त्यातलं औषध मँटिसलाच आधी मारतंय. डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन याच जातीतलं, ज्या खोलीत ते लावता तिथं डबा नकोच. गल्लीत डासांची धूरफवारणी आली की खिडक्या लावा, डबा आतल्या खोलीत न्या आणि धूर पूर्ण गेल्यावरच खिडक्या उघडा.

बारक्या काळ्या माश्या उडायला लागल्या तर त्या फंगस नॅट, तळ जास्त ओला आहे एवढाच अर्थ. पाणी कमी करा, पिल्लं असतील तर ती या माश्या खातातपण. वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर मात्र मोठं खरकटं कुठंतरी पानाखाली कुजतंय, ते शोधून काढा.

माइट भिंतीवर पिठासारखे चढले तर वरचा थर काढून टाका, पानं बदला, आठवडाभर पाणी एकदम कमी ठेवा. स्प्रिंगटेल थोडे मरतील, बरणीतनं परत भरता येतात, ती बरणी त्यासाठीच चालू ठेवायची असते.

आंबूस नाहीतर सडका वास म्हणजे कोळशाच्या थरात पाणी साचलंय. अशा वेळी आणखी स्प्रिंगटेल ओतून काही होणार नाही, तळ रिकामा करून नवीन लावा. स्प्रिंगटेल एकदम गायब झाले तर आधी पानं उचलून ओल्या कोपऱ्यात बघा, थंडीत हवा कोरडी झाली की ते वर दिसत नाहीत, खाली असतात.

मँटिस संपल्यावर आणि पिल्लं आल्यावर

मँटिसचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, कमी-जास्त. चालू असलेला तळ तेवढा टिकतो, मधे फक्त पानं वाढवत राहायचं कारण गँग ती पण खाते. मँटिस म्हातारपणानं गेला असेल तर तोच तळ पुढच्याला चालतो. काळा पडून, अंगातनं पाणी सुटून, वास मारत मेला असेल तर तळ कचऱ्यात, डबा साबणानं धुऊन उन्हात, आणि गँग बरणीतनं नवी. विकत आणलेले परदेशी आयसोपॉड असतील तर तो तळ बागेत, रंकाळ्याच्या काठाला किंवा शेतात ओतू नका, उकळतं पाणी घालून मगच टाका.

मादीनं अंडकोश घातला असेल तर तो काडीसकट काढून वेगळ्या, बारीक जाळीच्या डब्यात टांगा. तिथं आयसोपॉड अजिबात नको, तळाला पातळ ओलं कोकोपीट आणि भरपूर स्प्रिंगटेल. हायरोड्युलाच्या एका अंडकोशातनं शंभरच्या वर पिल्लं एकदम निघू शकतात, त्यांना पहिल्या आठवड्यात फळमाशी लागणारच, पण ती उडून कोपऱ्यात बसली तर खाली फिरणारे स्प्रिंगटेल मधल्या वेळेला तोंडात टाकायला असतात. फळमाशीची बरणी पण अंडकोश फुटायच्या आधीच लावून ठेवा, पिल्लं निघाल्यावर पळापळ करून काही उपयोग होत नाही, दोन दिवसात ती एकमेकांनाच खायला लागतात.